बंदूक एक, कारखाने दहा

मी राहतो डेटनला, ओहायोत. इथे जनरल मोटर्सचा इनलँड म्हणून एक विभाग होता, त्यांनी दुसऱ्या महायुद्धात एम-वन कार्बाइन, म्हणजे सैनिकांच्या हलक्या, आखूड रायफली बनवल्या, थोड्याथोडक्या नाही, 26 लाखांच्या आसपास. तर आपल्या गावची बंदूक आपल्याकडे असावी अशी मला हौस आली, एक जुनी घेतली, घरी आणून खोलली आणि भिंग लावून बघतोय तर बाहेर नाव इनलँडचं आणि आत सगळी वरात परगावची!

त्याचं असंय की युद्धाच्या घाईत अमेरिकन सरकारने ही कामं दिसेल त्याला वाटली. टाइपरायटरवाले अंडरवुड, आयबीएम, मोटारीचं स्टिअरिंग बनवणारे सॅगिनॉ, आणि माझे लाडके रॉक-ओला, ज्यूकबॉक्सवाले (नाव ऐकून रॉक संगीत वाटेल, पण ते मालकाचं आडनाव, रॉकोला). असे दहा कारखाने, 60 लाखांच्या वर बंदुका, आणि कुणाचाही पार्ट कुणातही बसायला हवा ही अट. कमी पडलं की एकमेकांत देवाणघेवाण. युद्धानंतर लष्कराने दुरुस्तीला जवळपास सगळ्या खोलल्या, नेम धरायच्या जुन्या साइटच्या जागी नव्या ॲडजस्ट होणाऱ्या बसवल्या, दाबायचं सेफ्टी बटण काढून फिरवायचं लावलं, कारण शेजारीच मॅगझिनचं, म्हणजे गोळ्यांची पेटी सोडायचं बटण, घाईत सेफ्टीऐवजी तेच दाबलं जायचं आणि मॅगझिन धपकन खाली. परत जोडताना कुठला पार्ट कुणाचा हे कोण बघतंय.

बघतोय मी. ऐंशी वर्षांनी. रविवारी, डायनिंग टेबलवर पेपर पसरून.

बहुतेक पार्टवर कारखान्याचं अक्षर असतं, मोहरीएवढं. डब्ल्यू विंचेस्टर, यू अंडरवुड. आयबीएमचं शोधायला जावं तर आय नाही, बी! आय इनलँडचा. कधी दोन अक्षरं, त्यातलं एक पार्ट घडवणाऱ्या छोट्या कारखान्याचं आणि एक ज्याच्यासाठी घडवला त्याचं. आणि आय म्हणजे काय हो, एक उभी रेघ. ऐंशी वर्षं वापरलेल्या लोखंडावर उभ्या रेघा सोडून दुसरं असतं काय? पहिल्या आठवड्यात माझी अख्खी बंदूक इनलँडची निघाली. मग रॉकेलने पुसली, तर निम्मे इनलँड पुसले गेले.

आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली. म्हणाली, "काय करतोयस रे सकाळपासून?" मी सगळं समजावलं, हॅमर विंचेस्टरचा, स्लाइड अंडरवुडची, आता इनलँडचा हॅमर शोधतोय, बरेच डॉलर जातील.

"बसत नाहीये का हा?"

"बसतोय की. चालतोय पण."

"मग? लग्नघरातली भांडी रे ही. आपलं पातेलं शेजारी, त्यांचं झाकण आपल्याकडे. म्हणून तर नावं घालतात."

मी म्हटलं, अगं पण कलेक्टर लोकांत ओरिजिनलला किंमत असते. ती काही बोलली नाही, माझं भिंग उचललं आणि किचनमध्ये गेली. मला वाटलं तांदूळ निवडायला नेलं असेल. दहा मिनिटांनी स्टीलची आमटीची वाटी घेऊन आली, कडेला भिंग धरून म्हणाली, वाच.

भलतंच आडनाव. खाली सालही, 1988. मंडळाच्या गणपतीच्या जेवणात कधीतरी आली असणार. गेली सात वर्षं मी तिच्यात आमटी खातोय.