डच मोकळेपणाही कालपरवाचाच

दरवर्षी वसंताच्या तोंडावर इथे नेदरलँड्समधल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत 'लेंटेक्रीबल्स' नावाचा लैंगिक शिक्षणाचा आठवडा असतो. त्या सुमारास आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामाचा मेसेज ठरलेला: "तिकडे चार वर्षांच्या पोरांना काय काय शिकवतात म्हणे! आपल्या संस्कृतीत बसत नाही बाबा हे."

काय शिकवतात? मिठी कुणाची आवडते, कुणाची नाही. 'नको' कसं म्हणायचं, आणि समोरचा 'नको' म्हणाला की हात मागे घ्यायचा. माझ्या लेकीनं घरी येऊन मला बजावलं, की गुदगुल्या करताना मी 'स्टॉप' म्हटलं तर थांबायचं. हसत असले तरी! एवढं बसायला कुठली संस्कृती आड येते?

पण खरी गंमत 'आपली' आणि 'त्यांची' या वाटणीत आहे. डच माणूस जन्मजात मोकळा, असं आपण धरून चालतो. १९११च्या इथल्या नीतिमत्तेच्या कायद्यानं गर्भनिरोधकं उघड्यावर मांडून विकायला बंदी होती. ती १९६९पर्यंत उठली नव्हती. त्याच कायद्यानं समलिंगी संबंधांसाठी वयाची अट २१ केली, इतरांना मात्र १६. हा भेद १९७१मध्ये गेला. आणि २००१मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देणारा जगातला पहिला देश हाच! चर्चची पकड सैल झाली, गर्भनिरोधक गोळी आली, कायदा बदलला. एका पिढीत लोकांची 'संस्कृती' पालटली.

आपण उलट चाललो. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं १९२१मध्ये. 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७पासून. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं छापली म्हणून खटला झाला, तर १९३४मध्ये कोर्टात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. हरले, पण उभे राहिले. आणि २००७मध्ये आमदारांच्या गदारोळानंतर महाराष्ट्र सरकारनं शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. १९२०च्या दशकातल्या मराठी मासिकात जे छापून येत होतं, ते ऐंशी वर्षांनी मराठी वर्गात चालेना. माझ्या दहावीत तर प्रजननाचा धडा बाईंनी "घरी वाचून घ्या" म्हणून उरकला होता.

इथेही सगळं आलबेल नाही. २०२३मध्ये याच आठवड्यावरून मोठा गहजब झाला, अफवा पसरल्या. धार्मिक शाळा विषय आपापल्या पद्धतीनं शिकवतात, आणि सरकारी अनुदान त्यांनाही मिळतं. मला ते पटत नाही, पण विषयच टाळण्यापेक्षा बरं.

डच पुस्तक उचलून जसंच्या तसं आणा, असं माझं म्हणणं नाही. लेकीच्या शाळेनं मात्र धडे घ्यायच्या आधी ते पालकांना दाखवले. तेवढं आपल्याकडे करता येईल. मग विरोध करायचाच असेल, तर मामानं तो धडे वाचून करावा.