मिरजेला माणूस फक्त गाडी पकडायला जात नाही

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर मी लिहिलं की आम्ही दोघं पुण्याचं घर विकून मिरजेत राहायला जायचं म्हणतोय. पाच मिनिटांत चुलतभावाचं उत्तर आलं. "मिरज? मिरजेला माणूस दोनच कामांना जातो. गाडी पकडायला, नाहीतर ऑपरेशनला. राहायचं तर सांगलीत राहा." खाली हसऱ्या तोंडांची रांग. जिच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं मिरजेत झाली त्या मावशीनंसुद्धा अंगठा टाकला.

ग्रुपवर मी काही बोलले नाही. तिथं बोललं की वडीलधाऱ्यांचा अपमान होतो. म्हणून इथं लिहितेय. तो हे वाचेल, वाचू दे.

पहिली गोष्ट, सांगली मला कुणी शिकवू नये. माझा जन्म गावभागातला, म्हणजे जुन्या सांगलीतला. गणपती मंदिराच्या घंटेवर आमच्या घरातली घड्याळं लागायची. हरभट रोडवरून शाळेत गेले, विलिंग्डनला शिकले, भावे नाट्यमंदिरात नाटकं बघितली, आणि भडंग तर माझ्या रक्तातच आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं पहिलं मराठी नाटक केलं हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ करायला लावलं होतं. तेव्हा "सांगलीची संस्कृती" वगैरे मला ऐकवू नका.

पण २०१९ चा ऑगस्ट मी विसरायचा कसा?

आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. मारुती चौकात, टिळक चौकात होड्या फिरत होत्या. आई घरात एकटी, मी पुण्यात, हायवे बंद. फोनवर तिचा आवाज, "अगं, २००५ ला पायरीपर्यंत आलं होतं, आता देवघरात आलंय." तिला होडीतून काढलं. पुढे कुठं? मी पहिला फोन केला तो सांगलीतच, विश्रामबागेत, याच चुलतभावाला. बंगला, वर दोन रिकाम्या खोल्या, पाण्याचा थेंब नाही. तो म्हणाला, "अगं, हिच्या माहेरचे आलेत आधीच. बघतो, कळवतो."

अजून कळवतोय.

आईला डोळे दाखवायला मिरजेला नेणारा एक रिक्षावाला होता. मुसलमान, मिरजेचाच. त्यानं मला विचारलंसुद्धा नाही. आईला रिक्षात घातलं आणि थेट सितारमेकर गल्लीत आपल्या सासुरवाडीला नेऊन सोडलं. मला नंतर फोन आला, "ताई, आजी आमच्याकडं हायत. काळजी करू नका. पाणी उतरलं की सोडतो."

आता तुम्ही म्हणाल, एका माणसाच्या चांगुलपणावरून अख्खं गाव चांगलं ठरवायचं का? ठरवणार. शंभर वर्षांहून जास्त काळ मिरजेत परकी माणसं येतायत. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी तिथं दवाखाना काढला तेव्हापासून कोकणातून, गोव्यातून, बेळगाव-विजापूरकडून पेशंट येतायत, सोबत त्यांचे नातेवाईक, डबे, गाठोडी. जंक्शन असल्यामुळे पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर, चारी बाजूंनी माणूस उतरतो. उरुसाला मीरासाहेबांच्या दर्ग्यात गर्दी, आणि पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, चर्मकार समाजाच्या मानाचा. इतक्या परक्यांना जेवायला घालून गावाचा स्वभावच तसा झालाय. किराणा दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठी, दुसऱ्याशी कन्नड आणि तिसऱ्याशी दखनी बोलतो आणि तिघांनाही उधार देत नाही.

सांगलीत दुकानात शिरलं की आधी विचारतात, "कुठल्या तुम्ही? कुणाच्या?" उत्तर बरोबर आलं तर माया अशी की चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. नाही आलं तर हिशेब. मला हा प्रश्न कधी टोचला नाही, कारण माझं उत्तर बरोबर होतं. माझ्या नवऱ्याचं नव्हतं. तो लातूरचा. लग्नाला तीस वर्षं होत आली तरी आमच्या गल्लीत तो "जावईबापू, मराठवाड्यातले".

आणि लातूरवरून आठवलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा रेल्वेनं पाणी गेलं ते मिरजेहून. पहिली गाडी दहा वॅगनची, पाच लाख लिटर. कृष्णेचं पाणी, ते सांगलीचंही तेवढंच, हो बाबा, मान्य. पण माझी सासू अजून म्हणते, "मिरजेचं पाणी प्यालोय आपण." ती मिरजेला निघायला एका पायावर तयार आहे. सांगलीचं नाव काढलं की म्हणते, तिथं आपलं कोण आहे?

परत आईकडे येते. त्याच आठवड्यात बकरी ईद आली. आमची आई म्हणजे कांदासुद्धा चातुर्मासात न खाणारी बाई. त्या घरातल्या भाभींनी तिच्यासाठी नवं पातेलं आणलं, वरणभात वेगळा, आणि मटण शेजारच्या घरी शिजवलं. आई फोनवर रडत होती, "अगं, माझ्यापायी यांनी सण शेजारी नेला." मी म्हटलं, मग तू खीर तरी करून घाल. केली. ती खीर अख्ख्या गल्लीत फिरली म्हणे.

रात्री मात्र आईची तक्रार. गल्ली वाद्यं बनवणाऱ्यांची. माळ्यावर तंबोऱ्यांसाठी सुकायला ठेवलेले हे एवढाले भोपळे, खाली एक म्हातारे चाचा तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तारेखालची घोडी घासून आवाज जुळवत बसलेले, तार छेडायची, घासायचं, परत छेडायची. झोप येईना. तिसऱ्या-चौथ्या रात्री तीच उठून खाली गेली आणि म्हणाली, "पंचम अजून बोलत नाही हो." बाई लहानपणी गाणं शिकली होती, आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. चाचांनी तिच्याकडून तार छेडून घेतली. मिरजेच्या सितार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ती बातमी कापून मी फ्रिजला लावली. नवरा म्हणाला, सांगलीच्या हळदीला तर आधीच मिळालंय. मिळू दे की!

आणि "ऑपरेशनला" म्हणणाऱ्या माझ्या भावा, कुरुंदवाडच्या एका पोराचे डोळे फटाक्यानं गेले, त्याला उपचाराला मिरजेतच आणलं होतं. तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला राहिला, आणि पुढे मोठा गवई झाला. विष्णु दिगंबर पलुसकर त्याचं नाव. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँ कुठले, तर उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे. त्यांनी घर केलं मिरजेत. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना गेले, तरी माती मिरजेचीच मिळाली, दर्ग्याच्या आवारात. दर वर्षी तिथं चिंचेखाली त्यांच्या आठवणीत गाणं होतं, तिकीट नाही. तू किती वेळा गेलास रे? दहा किलोमीटरवर आहे. वडापनं, शेअर जीपनं गेलास तरी अर्ध्या तासाचं काम.

तुझी सांगली तरी कुठून आली? १८०१ साली चिंतामणराव पटवर्धनांचं काकांशी वाजलं, ते मिरजेतून वेगळे झाले आणि सांगलीचं संस्थान उभं राहिलं. म्हणजे भाऊबंदकी करून मिरजेतून बाहेर पडलेल्यांनी आज मिरजेला हसायचं!

बरं. आता जरा शांत होते, चहा घेऊन आले.

मिरज काही स्वर्ग नाही. रस्ते बघून रडू येतं. १९९८ ला सांगली-मिरज-कुपवाड अशी एकच महापालिका झाली, पण कारभार सांगलीतून चालतो आणि मिरजेच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. लक्ष्मी मार्केटजवळ संध्याकाळी चालणं म्हणजे कसरत. कृष्णाघाटाकडे पूर तिथंही येतो. आणि २००९ ची हिंदू-मुसलमान दंगल मी विसरले नाहीये. त्या गणेशोत्सवात जे झालं त्याची लाज मिरजेला आहे आणि असावी. माझ्या आईला मात्र त्याच गावात, तशाच एका गल्लीत दहा वर्षांनी गादी-उशी मिळाली. दोन्ही खरं आहे.

सांगलीवरही माझा राग नाही. राजवाडा चौकातल्या नगरवाचनालयात त्या पुरात पुस्तकं भिजून लगदा झाली तेव्हा ती बघायला मी गेले होते. पोरं मास्क लावून एकेक पान उलगडत बसली होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. सांगलीचीच पोरं. घरोघरी जेवण पोचवणारीही सांगलीचीच. माझ्याच नशिबी विश्रामबागेतला बंगला आला त्याला सांगली काय करणार?

पण म्हातारपण काढायचं तर जिथं "कुणाच्या तुम्ही" या प्रश्नाआधी "जेवला का" विचारतात तिथं काढावं, एवढंच आमचं ठरलंय. नाटकाला येईन की सांगलीला! शेवटची सिटी बस चुकली तर रिक्षा आहे. ज्याची ती आहे त्याचा नंबर अजून माझ्याकडे आहे, आणि तो अजूनही आजीच्या पोरीकडून पैसे घेताना कुरकुर करतो.

तर मित्रमंडळी, ब्राह्मणपुरीत किंवा किल्ला भागात दोन बेडरूमचा फ्लॅट कुणाच्या माहितीत असेल तर इनबॉक्स करा. सासूबाईंचे गुडघे बघता लिफ्ट हवी. तळमजला नको. एजंट नकोत. आणि "सांगलीत एक छान स्कीम आहे" असं सांगणाऱ्यांनी कृपया माझ्या भावाशी संपर्क साधावा, त्याच्याकडे वर दोन खोल्या रिकाम्या आहेत.