वाईन शिकू इच्छिणाऱ्या कोकणवासीयांस

वाईनचे शिक्षण घेण्याचा निश्चय आपण केला आहे, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. हा निश्चय निव्वळ चवीपोटी केला असल्यास मात्र तो कोणाजवळ बोलू नये, कारण चव घरी बसून, कोणाला न दाखवताही घेता येते, आणि मग शिकण्यासाठी खर्च करायचा कशाला? आपला हेतू असा असावा, की अलिबागेस बंगला बांधलेल्या मुंबईकर परिचिताने पेला पुढे केला असता आपण तो लगेच तोंडाला न लावता दांडीला धरून फिरवावा, उजेडाकडे तिरका करावा, त्यात नाक घालावे आणि क्षणभर डोळे मिटावेत. त्यानंतर ‘टॅनिन जरा चढे वाटतात’ एवढे म्हटले की पुरते. टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरतात व त्यांनी जीभ आवळते, हे ठाऊक नसले तरी अडत नाही. पेल्यात पांढरी वाईन असेल तेव्हा मात्र हे वाक्य गिळावे, कारण तिचा रस सालींपासून वेगळा करूनच आंबवतात, आणि यजमानांना नेमके तेवढेच माहीत असण्याचा धोका असतो.

पुढे ‘तेरुआर’ येईल. जमीन, पाणी आणि हवा यांची चवीवर उमटणारी छाप, असा त्याचा अर्थ शिकवतील. देवगडचा हापूस सरस की रत्नागिरीचा, कातळावरचा गोड की मातीतला, यावरून दर मे महिन्यात आपल्या ओटीवर जी खडाजंगी होते, ती याच विषयावरची असते. हापूसला २०१८ साली मिळालेले भौगोलिक मानांकनही याच तत्त्वावर उभे आहे. पण हे वर्गात बोलू नये. आजोबांना जे फुकट येते, त्यासाठी वाईन शिकवणाऱ्या लंडनच्या संस्थेची फी का भरली, असा प्रश्न घरातूनच निघेल.

व्यवसायात उतरायचे असल्यास द्राक्षबागच लावावी. नाशिककर बागायतदार सांगतील, की पाऊस सरता सरता छाटणी करून जानेवारी ते मार्च काढणी करतात, दमट हवेत केवडा नावाचा बुरशीरोग वेलीचा फडशा पाडतो आणि पहिले भरवशाचे पीक हाती यायला दोन-तीन वर्षे तरी जातात. त्यांचे ऐकू नये. तीन हजार मिलिमीटर पावसातही वेलीचे छायाचित्र उत्तम येते. आपल्याच परड्यात काजूची बोंडे झाडाखाली कुजत असतील, तर ती खुशाल कुजू द्यावीत. गोव्याने त्यांच्या फेणीला २००९ सालीच मानांकन मिळवले, पण बोंडाच्या रसाने मुंबईकर पाहुण्यांवर छाप कशी पडणार?

साठवणीचे तेवढे सांभाळावे. बाटल्या आडव्या ठेवाव्यात, म्हणजे बूच ओले राहते, आणि खोली बारा-चौदा अंशांवर ठेवावी. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर गेलेली वीज दोन दिवस आली नाही, तर उकडलेली वाईन ओतून देऊ नये. ‘मुरलेली आहे’ असे सांगून चढ्या दराने विकावी.