‘मॅच’ किती, वय किती: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार. माझ्या दाजींना 61व्या वर्षी ताईची किडनी बसवली, हे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण बीडहून कळवता की, सहा एचएलए अँटिजेनांपैकी (पेशींवरच्या ओळखखुणांपैकी) एकच जुळत असताना आणि वय साठीपुढे असताना एक चांगली किडनी वाया घालवली गेली. आणि आपला 22 वर्षांचा भाचा मात्र अजून डायलिसिसवरच आहे. आपल्या रागामागचे दुःख मला कळते.

मात्र ताईची किडनी रांगेतल्या कुणाची नव्हती. ती तिने दाजींसाठीच दिली. गंगाखेडहून परभणीला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारे दाजी ऐन मे महिन्यात, दिवसभराच्या पाण्यासाठी रेघ मारून ठेवलेल्या बाटलीतून घोट मोजत बसायचे, ते तिने रोज पाहिले होते.

आता जुळणीविषयी. सख्ख्या भावंडांतही पूर्ण जुळणीची शक्यता चारात एकच असते, आणि आईवडिलांशी साधारण निम्मेच जुळते. प्रत्यारोपण-संशोधक पॉल तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये अमेरिकेतील नोंदी मांडल्या, तेव्हा तीन वर्षांनंतर जोडीदाराने दिलेल्या 85 टक्के, आईवडिलांनी दिलेल्या 82 टक्के आणि मृत दात्यांच्या 70 टक्के किडन्या चालू होत्या. जिवंत, निरोगी दात्याची किडनी फार थोडा वेळ रक्तपुरवठ्याविना राहते, याचा फायदा कमी जुळणीच्या तोट्याला बराचसा भरून काढतो. खरी अडवणूक करते ती क्रॉसमॅच ही रक्ततपासणी: दात्याविरुद्धच्या अँटीबॉडी (प्रतिपिंडे) रुग्णाच्या रक्तात आधीच असतील, तर शरीर किडनी तत्काळ नाकारू शकते. उलट दाजींनी ताईला किडनी द्यायची असती, तर ही तपासणी अधिक बारकाईने पाहावी लागली असती, कारण गर्भारपणात मुलांमध्ये उतरलेल्या नवऱ्याच्या अँटिजेनांविरुद्ध आईच्या शरीरात अँटीबॉडी तयार झालेल्या असू शकतात.

एका बाबतीत आपले म्हणणे रास्त आहे, आणि ते मी लेखातच लिहायला हवे होते. जुळणी कमी असेल तर दीर्घ मुदतीत किडनीचे आयुष्य सरासरीने घटते. तरुणाला हे फार महागात पडते, कारण त्याला पुढे दुसरी किडनी लागू शकते आणि न जुळलेल्या पहिल्या किडनीमुळे तयार झालेल्या अँटीबॉडी तेव्हाचे अनेक दाते बाद करतात. साठीनंतरचा हिशेब निराळा आहे. या वयात प्रतिकारशक्ती मंदावल्याने किडनी नाकारली जाण्याचा धोका कमी होतो, पण जंतुसंसर्ग आणि हृदयविकाराचा वाढतो, आणि डायलिसिसवर वाट पाहणे स्वतःच घातक ठरते. म्हणूनच युरोट्रान्सप्लांट या युरोपातील काही देशांच्या अवयववाटप संस्थेने 1999 मध्ये 65 वर्षांवरील दात्यांच्या किडन्या त्याच वयाच्या रुग्णांना एचएलए जुळणी न पाहता देण्याची योजना सुरू केली. आपल्याकडेही मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवण्याची 65 वर्षांची कमाल मर्यादा 2023 मध्ये काढण्यात आली.

तेव्हा जुळणीचा आग्रह आपल्या भाच्यासाठी अवश्य धरा. त्याच्या सर्व सख्ख्या भावंडांची एचएलए तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन कमी झाले की लगेच रक्त चढवण्याऐवजी एरिथ्रोपोएटिन या रक्त वाढवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनांविषयी डॉक्टरांना विचारा, कारण रक्त चढवल्यानेही अँटीबॉडी तयार होतात. आणि छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे रुग्णालयामार्फत त्याचे नाव नोंदवले आहे की नाही, हे याच आठवड्यात तपासा.