आप्पांनी विकलेली माती

आज सकाळी खानापूरहून बेळगावला येताना पुढं लाल मातीनं भरलेला टिप्पर होता. वर ताडपत्री नाही. वळणावर दोन ढेकळं थेट आमच्या काचेवर. मागं भाचा एम.ए.च्या नोट्स मोठ्यानं पाठ करत बसलेला. म्हणाला, "मामा, हे ऐक की. हार्टविक म्हणून कॅनडाचा अर्थतज्ज्ञ आहे, 1977 साली त्यानं नियम मांडला. जमिनीतनं काढून संपणाऱ्या मालाचा नफा खाऊन टाकायचा नाही, सगळा टिकाऊ भांडवलात घालायचा. तरच पुढच्या पिढीच्या ताटात तेवढंच पडतं."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. डोळ्यांपुढं आमचं ओढ्याकडचं खाचर आलं.

मी बारावीत होतो. वीटभट्टीवाल्यानं त्या खाचरातली दोन हात माती मागितली आणि आप्पांनी दिली. चार दिवस ट्रॅक्टर येत-जात होते. आप्पांची हिशेबाची वही अजून माझ्या कपाटात आहे. जमेच्या बाजूला एकाखाली एक लिहिलंय: भात, दूध, माती. भात पुढच्या वर्षी परत पिकतं, म्हैस परत दूध देते. मातीचं तसं नाही, पण ओळ तीच, शाई तीच.

आप्पा सातवी शिकलेले, त्यांना काय बोलायचं? देशाची वही तरी कुठं वेगळी आहे? जीडीपीत खाणीतनं काढलेला माल जमा होतो, मागं राहिलेला खड्डा कुठंच वजा होत नाही. बळ्ळारी आपल्याच राज्यात आहे ना? बीजिंग ऑलिंपिकच्या आधी चीनला पोलाद हवं होतं, लोखंडाच्या मातीला सोन्याचा भाव आला, डोंगर पोखरून माल बेलेकेरी बंदराकडं गेला. 2011 मध्ये लोकायुक्त संतोष हेगडेंचा बेकायदा खाणकामावरचा अहवाल आला आणि सुप्रीम कोर्टानं खाणी थांबवल्या. तोवर जे जायचं ते गेलं होतं. आणि आपण त्या वर्षांना भरभराट म्हणत होतो! संताप येतो.

लोकांना काम मिळालं, हे खरं. नॉर्वेनं तेलाचा पैसा साठवण्यासाठी 1990 सालीच कायदा करून वेगळा निधी काढला, तेही खरं. आपल्याकडंही 2015 पासून खाणींची झळ लागलेल्या लोकांसाठी जिल्हा खनिज निधी आला, बरं झालं. पण खड्ड्याशेजारी राहणाऱ्याला विचारून बघा.

भाच्याच्या नोट्समध्ये प्रेबिश आणि सिंगर हे अर्थतज्ज्ञ पण होते. दोघांनी वेगवेगळं, 1950 च्या सुमारास, एकच सांगितलं: कच्चा माल विकून पक्का घेणाऱ्या देशाचा सौदा वर्षं जातील तसा तोट्याचा होत जातो. मला हे पुस्तकातनं कळायची गरज नव्हती. बेळगावात घर बांधलं तेव्हा विटा आल्या त्या खानापूरकडनंच. ट्रॉलीच्या भावानं आप्पांनी माती दिली होती, मी हजाराच्या भावानं वीट मोजून घेतली.

आता जे लिहितोय ते लिहायला जड जातंय. त्या मातीच्या पैशातनं माझी कॉलेजची फी आणि होस्टेल भागलं. म्हणजे हार्टविकच्या नियमानं आप्पा पास. माती गेली, शिक्षण आलं, शिक्षणातनं नोकरी. आप्पा चुकले असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

पण दादा? भांडवल झालं ते माझं, आणि मी ते घेऊन शहरात आलो. खड्डा दादाच्या वाटणीला. वरची काळी-लाल माती गेल्यावर खाली निव्वळ मुरूम. पावसात शेजारच्या खाचरातलं पाणी उतरून तिथं तुंबतं, रोप पिवळं पडतं, शेणखताच्या गाड्या ओतून ओतून तो थकला. इतक्या वर्षांत एका शब्दानं मला बोलला नाही. पैसा कशात घातला हे अर्थतज्ज्ञ बघतात, बघायलाच हवं. कुणाच्या घरात घातला आणि खड्डा कुणाच्या दारात राहिला, हे कोण बघणार? बळ्ळारीचं तेच, गोव्याच्या खाणींचं तेच, आमच्या दोन भावांचंही तेच.

घरी आल्यावर दादाला फोन लावला. सहज म्हणून. तो म्हणाला, भट्टीवाले परत आलेत, वरच्या खाचराची माती मागतायत. पोरीला नर्सिंगला घालायचंय, काय करू सांग.

मी म्हटलं, माती देऊ नको. फी मी भरतो, चारही वर्षांची.

बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रविवारी ये जेवायला. येताना आप्पांची वही घेऊन ये."