नाक तुमचं, मान माझी

कोरोनाच्या दिवसांतली गोष्ट. गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात परत तेच! मागच्या गृहस्थांचा मास्क हनुवटीवर आणि खोकला थेट माझ्या मानेवर. "जरा वर घ्या हो," म्हटलं तर म्हणे, "माझं नाक, माझी मर्जी." अहो, नाक तुमचं, पण शिंतोडे सार्वजनिक ना? मे २०२१ मध्ये ऑक्सिजन कमी पडून पहाटे माणसं गेली, इतक्यात विसरलात? साथींनी जुनं गोवं ओस पाडलं, म्हणून तर राजधानी पणजीला आली. नियम करणारेही काही सोवळे नाहीत. निवडणुकीच्या प्रचारात कुणाला अंतर आठवलं? कबूल. पण त्याचा राग माझ्या मानेवर का? आणि हेच गृहस्थ पुढे बांगडे घेताना प्रत्येकाचा कल्ला उघडून बघत होते. ताजा आहे ना, तब्येतीला बाधायला नको!