मान टाकली

आमच्या कोपऱ्यावरच्या फुलांच्या दुकानात मी पहिल्यांदा शिरलो तो सावलीसाठी. ऊन मी म्हणत होतं, बसचा पत्ता नव्हता आणि त्या दारातून ओल्या पानांचा, ताज्या कापलेल्या देठांचा गारवा थेट फुटपाथवर येत होता. कपड्यांच्या दुकानात दोन मिनिटं रेंगाळून, काही न घेता बाहेर पडता येतं. इथे नाही. बादल्या-बादल्यांतून सगळी फुलं आपल्याकडे तोंड करून उभी असतात आणि त्यांच्यामागे मावशी.

"कोणासाठी?"

खरं उत्तर 'बससाठी' असं होतं. मी म्हटलं, "घरी."

"घरी ठेवणार कुठे? ऊन येतं तिथे? फुलदाणीचं तोंड केवढं?"

घर भाड्याने घेताना मी मालकाला इतके प्रश्न विचारले नव्हते. फुलदाणी नावाची वस्तूच आमच्याकडे नाही हे कबूल करायचा धीर होईना, म्हणून मी हातांनी हवेत एक आकार काढला. तो आकार मान्य झाला असावा. मावशींनी जरबेराची सात फुलं निवडली, कागदात गुंडाळली, सुतळीची गाठ मारून उरलेलं टोक दातांनी तोडलं आणि बाळ हातात द्यावं तसं पुडकं माझ्या हातात दिलं. बस गेली होती.

चौथ्या दिवशी सातही फुलांनी एकदम मान टाकली. पाकळ्या टवटवीत, रंग जसाच्या तसा, फक्त गळ्यापासून खाली लोंबलेली. बाईंनी प्रश्न विचारल्यावर मागचा बाक दिसतो, तशी. शिळा माल गळ्यात मारला म्हणून जाब विचारायला मी ती तशीच घेऊन दुकानात गेलो.

मावशींनी मुद्देमाल ताब्यात घेतला. देठाचं टोक अंगठ्याने चोळलं, वास घेतला.

"बुळबुळीत झालंय. पाणी बदलत होतास?"

"रोज."

"रोज?"

"म्हणजे... आणलं त्या दिवशी भरलं होतं."

"किती?"

मी गळ्याजवळ हात नेला. डॉक्टरांसमोर सिगरेटी निम्म्याच सांगणाऱ्या माणसाला नेमकं काय वाटतं, ते मला तिथे कळलं. शिळ्या पाण्यात जिवाणू माजतात, देठातल्या बारीक नळ्या तुंबवतात आणि पाणी डोक्यापर्यंत चढत नाही. जरबेराचा देठ फुलाखालीच कमजोर, म्हणून मान तिथेच मोडते. त्याला चार बोटं पाणी पुरतं, मी त्याला पोहायला सोडलं होतं. "आणि देठ कशाने कापलेस?" दुधाची पिशवी कापायच्या कात्रीने, हे मी सांगितलं नाही. त्यांनी चेचलेलं टोक नुसतं माझ्यासमोर धरलं.

तिथून मी त्या दुकानाचा पेशंट झालो.

माझ्या हाताला यशच नाही. कार्नेशन नेली, ती दोन दिवसांत सुकून मिटली. तपासात निष्पन्न झालं की फुलदाणी (हो, घेतली) पिकत्या केळ्यांच्या शेजारी होती. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने कार्नेशन अकाली म्हातारी होते. ट्यूलिप आणि डॅफोडिल रंग जुळतात म्हणून एकाच पाण्यात ठेवले. डॅफोडिलच्या देठातून चिकट रस गळतो, तो ट्यूलिपला बाधतो. दिसायला इतकं गरीब फूल, पण त्याने रात्रीत शेजाऱ्यांचा निकाल लावला. पुढच्या खेपेला ट्यूलिप एकटे नेले, तर ते फुलदाणीतच वाढत गेले आणि वाकून खिडकीकडे तोंड करून बसले. कापल्यावरही ट्यूलिप वाढतो, हे घरातल्या माणसांनी मनाला लावून घ्यायचं नसतं म्हणे. 1637 साली नेदरलँड्समध्ये ट्यूलिपचे भाव कोसळले तेव्हा बऱ्याच जणांचे हात पोळले. पण त्यांचे व्यवहार कंदांचे तरी होते. माझ्याकडे नुसते देठ.

लिली मात्र मला मिळालीच नाही.

"मांजर आहे घरी?"

"नाही. शेजारच्यांचं आहे."

"येतं?"

"जेवायला येतं."

मावशींनी लिली परत बादलीत ठेवली. लिलीचे परागकण अंगावर पडून चाटले गेले, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा न पाहिलेल्या मांजराची काळजी जास्त! मी गुलाबाच्या बादलीत नाक खुपसून राग गिळायचा प्रयत्न केला. वास नाही. "टिकायला हवेत म्हणून तसे वाढवलेत," मावशी काटे सोलता सोलता म्हणाल्या. "दोन्ही हवं असेल तर बागेत जा."

गेल्या आठवड्यात हायड्रेंजिया नेला. संध्याकाळी बघतो तर ओल्या फडक्यासारखा पडलेला. पुन्हा पंचनाम्याला जायची लाज वाटली. मग मावशी एकदा दुसऱ्या कुणाला सांगत होत्या ते आठवलं: हा पाकळ्यांनीही पाणी पितो. न्हाणीघरातली बादली भरली आणि त्याला डोक्यासकट बुडवला. सकाळी बायको आंघोळीला गेली आणि तशीच बाहेर आली.

"बादलीत कोण आहे?"

पण तो उठला होता! गोबरा, निळा, झोप झाल्यासारखा. बायको आंघोळीशिवाय ऑफिसला गेली, मी फोटो काढून दुकानात.

मावशींनी फोटो हात लांब करून पाहिला, मग डोळ्यांजवळ आणून पाहिला.

"बरा आहे," त्या म्हणाल्या. "बुडवायच्या आधी देठ तिरपा कापलास ना?"

मी हवेत दोन बोटांची कात्री तिरपी चालवून दाखवली.